हिमायतनगरच्या काकांचा अमेरिकी माल

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत रस्त्यावर उभा राहिलो. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण एक साधं फसवणुकीचं प्रकरण मनातून जात नाही. त्यात ना पाठलाग होता ना हत्यार. वर्तमानपत्रात त्याची बातमीसुद्धा आतल्या पानावर आली होती. त्यातली माणसं किंवा त्यांचे नातेवाईक अजून असतील, म्हणून इथे कोणाचं नाव घेत नाही.

नव्वदीच्या दशकाचा तो मधला काळ. बाजार खुला झाला होता. आबिड्स बाजारातल्या दुकानांत परदेशी बूट, परदेशी घड्याळं उघड मांडलेली दिसू लागली होती. शहरात नव्या कंपन्या येत होत्या आणि त्यांच्याबरोबर पुण्या-मुंबईचे, दिल्लीचे मॅनेजर. त्याआधी आमच्या हैदराबादेत गोल्फ म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांचा आणि काही जुन्या घराण्यांचा खेळ होता. आता ज्याला वर चढायचं आहे तो प्रत्येक जण सकाळी मैदानावर जाऊ लागला. तिथे म्हणे व्यवहार ठरत.

मी तेव्हा सर्कल इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं मूळ नांदेडकडचं. आजोबा निजामाच्या काळात शहरात आले, तेव्हापासून काचीगुड्याला घर. घरात मराठी, बाजारात दखनी, ठाण्यातल्या कागदांत तेलुगू आणि इंग्रजी, अशी आमची जीभ चारही भाषांत वळते. पत्नी वर्षभरापूर्वी गेली होती. मुलगा शिकायला पुण्याला. त्यामुळे संध्याकाळी घरी जाण्याची मला घाई नसायची, आणि ठाण्यातल्या लोकांना ते ठाऊक होतं.

खबर आणली ती आबिड्सच्या एका शेठनं. खेळाच्या सामानाचं त्याचं वडिलोपार्जित दुकान. बाजार खुला झाल्यावर त्यानं रीतसर ड्युटी भरून परदेशी गोल्फचं सामान मागवायला सुरुवात केली होती. तो माझ्यासमोर बसला आणि रुमालानं मान पुसत म्हणाला, “साब, शहर में कोई अमरीका का माल आधे दाम में बेच रा. लोगां मेरी दुकान पे आते, माल हाथ में ले के देखते, ‘सोच के आते’ बोलते और चले जाते. फिर वैसाच सेट किसी और से ले लेते.”

“चोरी का माल होगा,” मी म्हणालो.

“चोरी का रहता तो असली रहता ना साब. ये नकली है. किसी दिन कोई मरेंगा.”

मी तक्रार डायरीत नोंदवून घेतली. वरिष्ठांना सांगितलं तेव्हा ते हसले. नकली नोटांची आणि नकली औषधांची प्रकरणं पडून असताना नकली काठ्यांच्या मागे कोण लागणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही चूक नव्हतं. माणसं कमी, कामं जास्त, आणि फसवले जाणारे लोक गाड्यांतून फिरणारे. त्यांची दया कोणाला येणार?

मग एके सकाळी वायरलेसवर निरोप आला, ‘गोल्फच्या मैदानावर ड्रायव्हरचं डोकं तुटून एक इसम जखमी.’ आमच्या हेड कॉन्स्टेबलला वाटलं, गाडीचा अपघात. तो वाहतूक शाखेला कळवायला निघाला होता. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात, आणि त्यातल्या सर्वांत लांब, मोठ्या डोक्याच्या काठीला ड्रायव्हर, हे मलाही त्याच दिवशी नीट कळलं.

घडलं होतं ते असं. एका कारखान्याचा मॅनेजर सराव करत होता. त्यानं जोरात फटका मारला आणि काठीचं डोकं मानेपाशी तुटून बाजूला उडालं. शेजारी त्याची पिशवी सांभाळणारा कॅडी उभा होता. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याचं सामान वाहणारा, चेंडू कुठे पडला ते पाहणारा माणूस. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. ते डोकं त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. डोळा गेला.

मैदान माझ्या हद्दीत नव्हतं, पण शेठची तक्रार माझ्या डायरीत होती. त्यामुळे तपास माझ्याकडे आला.

तुटलेलं डोकं मुद्देमाल म्हणून जप्त करून प्रयोगशाळेत पाठवण्याआधी मी शेठला ठाण्यात बोलावलं. तो आपल्या दुकानातला एक अस्सल क्लब घेऊन आला आणि दोन्ही टेबलावर ठेवले. दिसायला जुळे भाऊ. मग त्यानं खिशातून जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं. अस्सल डोकं टायटॅनियमचं होतं, त्याला चुंबक चिकटलं नाही, घसरून टेबलावर पडलं. तुटलेल्या डोक्याला ते टक्कन चिकटलं. आत कमअस्सल ओतीव लोखंड होतं, वरून मुलामा.

त्या दिवशी शेठनं मला बरंच शिकवलं. कोरलेल्या अक्षरांवरून नख फिरवा; अस्सल मालात खोली सारखी लागते, नकलीत मध्येच उथळ होते आणि रंग कडेबाहेर सांडलेला असतो. काठी जिथे डोक्यात शिरते तिथे एक काळी कडी असते, ती दोन्हीकडे घट्ट बसलेली हवी, तिच्यात फट दिसली की क्लब खाली ठेवा. मूठ धरून पिळा. ती फिरली तर गोंद हलका आहे. सेटमधले सगळे क्लब एकेक करून तोला. अस्सल सेटमध्ये वजन क्रमानं बदलत जातं, नकलीत एखादा मध्येच भलता हलका लागतो. आणि चांगला विकणारा मैदानावर नेऊन दोन फटके मारू देतो. जो नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

“इतना सब कोई देखता?” मी विचारलं.

“कोई नै देखता साब. नाम पढते, और बेचने वाले की कहानी सुनते.”

विकणारा कोण हे मात्र मॅनेजर सांगेना. मित्राकडून घेतला म्हणाला, मग परदेशातून आणला म्हणाला. मैदानावरच्या आणखी काही जणांना विचारलं. सगळ्यांचे सेट अस्सल, सगळ्यांना पक्की खात्री, आणि कोणीही क्लब तपासायला द्यायला तयार नाही. पोलिसात राहून एक गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे. गरीब माणूस फसला की रडत ठाण्यात येतो. मोठा माणूस फसला की फसवणाऱ्यालाच पाठीशी घालतो, कारण आपण फसलो हे चारचौघांत कळणं त्याला जास्त महाग पडतं.

शेवटी मी मॅनेजरच्या गाडीचा ड्रायव्हर गाठला. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या त्यानं सांगितलं, “हिमायतनगर ले के गया था साब. तीसरा माला. बडे साब दो घंटे नीचे नै उतरे.”

दोन तास! हिमायतनगर ही आमच्या शहरातलीच वस्ती; पण तिथे एक गोल्फचा सेट घ्यायला दोन तास कशाला लागतात, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी गिऱ्हाईक म्हणून स्वतःच जायचं ठरवलं. पोलीस साध्या कपड्यांतही बुटांवरून ओळखू येतो, म्हणून चपला घातल्या. ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे, नवीन नवीन गोल्फ शिकतो आहे, असं सांगायचं होतं. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार सत्तरीच्या एका गृहस्थांनी उघडलं. पांढरा स्वच्छ सदरा, नीट विंचरलेले केस. दारावरची पाटी मराठी आडनावाची होती. मी नकळत मराठीतच बोललो, “नमस्कार, सामान बघायचं होतं.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अहो, तुम्ही मराठी! या, या, आत या. चपला राहू द्या हो.”

मी त्यांना त्या दिवसापासून काकाच म्हणत आलो, इथेही तसंच म्हणतो.

काका मूळचे पुण्याचे. एका यंत्रांच्या कंपनीत विक्री अधिकारी म्हणून हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. पत्नी काही वर्षांपूर्वी वारलेली. एकुलता मुलगा अमेरिकेत. हे सगळं मला चहा उकळण्याआधीच कळलं. चहा झाला, चिवडा आला, मग लाडू आला. “विकतचा आहे, पण बरा असतो,” म्हणाले. मुलाचे फोटो पाहिले. अंगणात बर्फ, गाडी, दोन नातवंडं. “तोच पाठवतो हो सेट. त्याच्या ओळखीचा डीलर आहे तिकडे. मला काय त्यातून मिळवायचंय? इथल्या लोकांची सोय.”

शेवटी मीच म्हणालो, “काका, सेट दाखवता का?”

ते आतून पिशवी घेऊन आले. बोलता बोलता मी रुमालात धरलेलं चुंबक ड्रायव्हरच्या डोक्याला लावलं. चिकटलं.

पंच बोलावून तिथेच पंचनामा करता आला असता. पण माल कुठून येतो हे कळल्याशिवाय अर्थ नव्हता. मी म्हणालो, “विचार करून सांगतो.” कुठल्याही विकणाऱ्याला हे वाक्य आवडत नाही. काका मात्र खूष झाले. “अगदी सावकाश. पुन्हा या, पुन्हा बघा. जेवायलाच या ना रविवारी.”

मी जिना उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घड्याळ पाहिलं आणि ड्रायव्हरच्या त्या दोन तासांचं कोडं सुटलं.

साध्या वेशातली माणसं लावून घरावर पाळत ठेवली. अहवाल विचित्र येऊ लागले. येणारे लोक रिकाम्या हातांनी येत आणि बहुतेक रिकाम्या हातांनीच जात. काका त्यांना फाटकापर्यंत सोडायला येत, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहत. ज्या दिवशी कोणी येत नसे त्या दिवशी बाल्कनीत बसून राहत. एका कॉन्स्टेबलला त्यांनी वर बोलावलं, उन्हात उभा का आहेस म्हणून पाणी दिलं आणि घरी कोण कोण आहे ते विचारलं.

आठवडा गेला, माल काही आला नाही. वरून विचारणा होऊ लागली. दवाखान्यात तो कॅडी पडून होता आणि मैदानावर त्याच क्लबांनी फटके चालूच होते. आणखी कोणाचा डोळा जाईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मी काकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. अटक दाखवली नाही.

मला गणवेशात पाहून ते दचकतील असं वाटलं होतं. ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “गणवेश छान दिसतो तुम्हाला.”

“काका, हा सगळा माल नकली आहे. एका माणसाचा डोळा गेलाय. कोण पुरवतं तुम्हाला?”

“मुलगा पाठवतो.”

“मुलाचा नंबर द्या.”

नंबर त्यांनी दिला नाही. मी पुन्हा विचारलं. आवाज चढवला. अशा वेळी आम्ही काय करतो ते करून पाहिलं. एकानं दरडावायचं, दुसऱ्यानं समजुतीनं घ्यायचं. काका दोघांनाही सारख्याच आदरानं उत्तर देत. पण पुरवणाऱ्याचं नाव निघेना. संध्याकाळी सोडताना मी बजावलं, “उद्या दहाला हजर व्हायचं.”

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा ते आधीच बाकावर बसलेले होते. सोबत जेवणाचा डबा. ठाण्यात कागद लिहिणाऱ्या रायटरच्या मुलीच्या शाळेची चौकशी चालली होती. तिसऱ्या दिवशी हेड कॉन्स्टेबलच्या सांधेदुखीवर त्यांनी कुठलंसं तेल आणून दिलं. चौकशीला वेळेआधी येणारा आणि जायची वेळ झाली की रेंगाळणारा संशयित मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

त्या संध्याकाळी मी बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि दोन चहा मागवले. विचारलं, “काका, मी पोलीस आहे हे तुम्हाला ठाण्यात आल्यावर कळलं?”

“नाही हो. तुम्ही घरी आलात त्याच दिवशी. ट्रान्सपोर्टवाला माणूस दाराकडे तोंड करून बसत नाही.”

“मग माल हलवला का नाही? आठवडा होता तुमच्या हातात.”

त्यांनी कप खाली ठेवला. “तुम्ही विचार करून सांगतो म्हणाला होतात ना. माल नसता तर कशाला आला असता?”

मग तेच बोलू लागले. मुलानं खरोखरच एकदा एक सेट पाठवला होता. पत्नी गेल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात, म्हाताऱ्यानं काही तरी छंद लावून घ्यावा म्हणून. काकांच्या पाठीचा त्रास, खेळणं जमेना, म्हणून तो विकायला काढला. वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. “आठ दिवस घर नुसतं भरलेलं होतं हो. बायको गेल्यापासून इतकी माणसं कधी आली नव्हती. चांगली शिकलेली माणसं, बसायची, बोलायची. मग सेट विकला गेला. पुढच्या रविवारी मी दोघांसाठी चहा टाकला आणि कोणीच आलं नाही.”

ती जाहिरात पाहूनच तो पुरवणारा आला होता. दिल्लीकडचा तिशीतला माणूस. मुलाच्या अमेरिकेची गोष्ट तुम्ही सांगा, माल मी देतो, म्हणाला. काकांना पहिल्याच खेपेला कळलं की माल खोटा आहे.

“त्याचं नाव सांगा,” मी म्हणालो.

“तो मला बाबूजी म्हणतो. महिन्यातून एकदा येतो, जेवतो. बायकोच्या वर्षश्राद्धाला आला होता. मुलाला रजा मिळाली नव्हती. त्याला मी कसा धरून देऊ?”

धमकी तिथे चालणार नव्हती, ते मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना जीपमध्ये घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. कुठे चाललोय ते सांगितलं नाही.

कॅडी वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर होता. अर्धा चेहरा पट्टीत. पत्नी घरकामं करायची, ती संध्याकाळीच येऊ शके. मी त्याला आधी भेटलो होतो, त्यामुळे तो उठून बसू लागला. काकांना त्यानं ओळखण्याचं कारणच नव्हतं. त्याला वाटलं, कोणी भला माणूस भेटायला आलाय.

“बैठो चाचा, बैठो,” त्यानं पाय आखडून खाटेवर जागा केली. “अच्छा हुआ आप आए. कोई आता नै यहाँ. पहले दो दिन मैदान के साबलोगां आए, फिर कोई नै आया. दीवार को देखते पडे रहना.”

काका बसले. कॅडी बोलत राहिला. मुलींबद्दल, मैदानावरच्या गवताबद्दल, एका डोळ्यानं आता चेंडू दिसेल की नाही याबद्दल. एकदाही त्यानं कोणाला दोष दिला नाही. काका ऐकत होते. मध्येच त्यांनी त्याच्या पाण्याचा पेला भरून दिला, तेव्हा निम्मं पाणी चादरीवर सांडलं. “कुछ नै होता चाचा,” कॅडी म्हणाला आणि स्वतःच चादर झटकू लागला.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. जिना उतरताना काकांनी कठडा धरला आणि मधल्या पायरीवरच बसले. मी शेजारी उभा राहिलो. येणारेजाणारे आमच्याकडे पाहत होते.

“माल काचीगुडा स्टेशनला येतो,” ते म्हणाले. “रेल्वे पार्सलनं. वर ‘पडद्याच्या दांड्या’ असं लिहिलेलं असतं. या गुरुवारी येईल. तो स्वतः सोडवून घेतो, रिक्षात घालून घरी आणतो आणि मग जेवतो.”

माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर ते स्टेशन. मी रोज त्याच्यावरून जात होतो.

गुरुवारी पार्सल ऑफिसपासून रिक्षामागे आमची माणसं होती. स्टेशनवरच त्याला पकडता आलं असतं, पण माल काकांच्या घरात पोहोचताना आणि दोघांचा व्यवहार होताना धरणं खटल्याच्या दृष्टीनं पक्कं होतं. मी दोन पंचांसह आतल्या खोलीत थांबलो. काका सकाळपासून स्वयंपाक करत होते. वरण, भात, वांग्याची भाजी, शिरा. आम्ही दार लावून घेताना त्यांनी मला हळूच विचारलं, “त्याला जेवू द्याल आधी?”

मी हो म्हटलं. कायद्यात त्याला आडकाठी नव्हती.

तो आला. रुबाबदार, हसरा, आवाजात गोडवा. “बाबूजी, पैर छूता हूँ.” गठ्ठे कोपऱ्यात लागले, ठरलेला व्यवहार झाला, पानं वाढली गेली. काका त्याला आग्रह करत होते. मी फटीतून पाहत होतो. त्यांनी स्वतः एक घासही खाल्ला नाही, नुसते त्याच्याकडे पाहत बसले होते. शिरा संपल्यावर मी दार उघडलं.

गणवेश दिसताच तो उभा राहिला. हात उष्टाच होता. एका क्षणात चेहरा बदलला. “साहब, माल इस बुड्ढे का है. मैं तो पता पूछने आया था. इसने जबरदस्ती खाने पर बिठा लिया. मैं इसको जानता तक नहीं.”

पंचांपैकी एक जण खाली पाहू लागला. काकांनी त्याचं ताट उचललं, आपलं भरलेलं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. नळ सोडल्याचा आवाज आला. मग ते बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले, “सही कुठे करायची?”

जप्ती झाली, पंचनामा झाला. त्या माणसाच्या जबानीवरून पुढे उत्तरेकडचा कारखाना सापडला, तिथे असले क्लब गोणीनं भरलेले होते. ते काम दुसऱ्या पथकानं केलं. आमच्या पथकाचं कौतुक झालं. मैदानावर कळताच बरेच सेट एका आठवड्यात गायब झाले. पण तक्रार द्यायला त्या मॅनेजरखेरीज कोणी आलं नाही, आणि तोही वकिलानं सांगितलं म्हणून.

दोघांची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली. काकांना वय पाहून लवकरच जामीन मंजूर झाला; पण जामीनदार हवा होता. त्यांच्या घरी चहा प्यायलेल्या माणसांना मी स्वतः फोन केले. एक मीटिंगमध्ये होता. एक म्हणाला, मी त्यांना ओळखतच नाही. मुलाचा नंबर अखेर काकांनी दिला होता. मी अमेरिकेला फोन लावला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, “वकिलाची फी किती आहे ते कळवा, मी पाठवतो.” मी विचारलं, येता येईल का? “बघतो,” म्हणाला. आवाज वाईट माणसाचा नव्हता. थकलेल्या माणसाचा होता.

काही आठवडे असेच गेले. शेवटी जामीनदार म्हणून उभा राहिला तो आबिड्सचा शेठ. मी आश्चर्यानं पाहिलं तेव्हा तो म्हणाला, “मेरा धंदा खराब करा ना साब उसने, तो पैचान तो हुई. और किसी को तो पैचान भी नै.”

कागद घेऊन मी तुरुंगात गेलो. काका बराकीतून बाहेर आले. थोडे वाळले होते, दाढी वाढली होती, पण चेहरा मी पाहिला होता त्यापेक्षा शांत होता. आतल्या दोघा-तिघांनी गजांपाशी येऊन त्यांना हाक मारली. ते त्यांना इंग्रजीत अर्ज लिहून देत असत.

“चला काका, जामीन झाला.”

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मागे बराकीकडे पाहिलं. “आज जायलाच हवं का?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना हिमायतनगरला सोडलं. खिडक्या उघडल्या, धूळ झटकली, दूध आणून दिलं. थोडा वेळ बसलो. मग कामाला जायचं होतं. पुढे खटल्यात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि दंडावर सुटले. दंडाखेरीज त्यांनी कॅडीच्या मुलींच्या नावानं काही रक्कम ठेवली, ती कोर्टानं सांगितली नव्हती. पुरवणाऱ्याला शिक्षा झाली. कॅडीला मैदानावर फाटकापाशी बसण्याचं काम मिळालं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं मला व्याख्यानांत विचारतात. नकली माल कसा ओळखावा ते मी सांगतो, लोक लिहूनही घेतात. ज्याला वस्तूपेक्षा तिची गोष्ट जास्त आवडते तो फसतो, हेही सांगतो. पण मी स्वतः शिकलो ते वेगळं. तोवर मी प्रत्येक गुन्ह्याच्या मुळाशी लोभ शोधत असे, राग शोधत असे. एखादा माणूस नुसता दार वाजावं म्हणून गुन्हा करू शकतो, हे आमच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर कोणत्याही म्हाताऱ्या आरोपीला मी पहिला प्रश्न एकच विचारत आलो, घरी कोण आहे? आणि माझ्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी त्या भागात गस्त घालणाऱ्या बीटच्या कॉन्स्टेबलनं अधूनमधून जाऊन यावं, असा तोंडी हुकूम काढला. काही जण कुरकुरले. हे काय पोलिसांचं काम?

तो हुकूम काढल्यावर पहिल्यांदा काकांकडे गेला होता तो तरुण कॉन्स्टेबल परत आला आणि माझ्यासमोर सलाम ठोकून उभा राहिला.

“क्या बोले?” मी विचारलं.

“कुछ काम नै था साब उनको. चाय पिलाए, गाँव का पूछे. बोले, कल भी आओ.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाटलं, मी हसेन किंवा रागावेन.

“तो जाओ,” मी म्हणालो.